जरा मेयो लावून या

अंडं-तेल फेटून केलेल्या त्या पांढऱ्या पदार्थाचं पूर्ण नाव, मेयोनीज, सँडविचच्या खोक्यावर छापलेलं होतं, आणि ते तिथेच राहायचं. माणसांच्या तोंडी असायचा नुसता 'मेयो'. सँडविचच्या धंद्यात, दुपारच्या घाईला, जास्तीची अक्षरं बोलायला सवड कुणाला? गल्ल्यावरून हाक यायची, "दोन साधे, एकात मेयो जास्त, एकात मेयो नको!" आतून कुणीतरी विचारायचं, "नको म्हणणारा आजारी आहे का?" आणि हात चालूच राहायचे.

भटारखान्यातल्या माणसांनी त्या आखूड नावाला हळूहळू बाकीच्याही कामांना जुंपलं होतं. ब्रेड कालचा असला की "मेयो लाव". काकडी सुकलेली निघाली की "मेयोखाली दडव". उशिरा आलेला कुणी रस्त्यातल्या गर्दीचं कौतुक सांगायला लागला की "मेयो कमी लाव रे, ओघळतोय". एकदा भिंतीला तडा गेला, गवंड्यानं त्यात पांढरी लांबी भरली आणि पैसे घेऊन निघून गेला, तेव्हा भाजी चिरणारी म्हणाली, "यानंही मेयोच लावला." सगळे पोट धरून हसले. तडा पुढच्या महिन्यात पुन्हा दिसायला लागला, तेव्हा मात्र कुणी हसलं नाही.

आणि माणसांतला मेयो म्हणजे थोरल्या वहिनी.

हे नाव ठेवलं धाकट्या दिरानं. धंदा दोघा भावांचा, पण चालवायचा धाकटा. थोरला पहाटे बाजारातून माल आणायचा, हिशोबापुरतं बोलायचा आणि उरलेला दिवस गप्प असायचा. धाकट्याची बायको गल्ल्यावर. वहिनी आत. सुरुवातीला मेयो त्या हातानंच करत, मांडीत भांडं धरून, दंड भरून येईपर्यंत. धाकट्यांनी एकदा पाहुण्यांसमोर म्हटलं, "आमच्या वहिनी म्हणजे मेयो! दोन कोरड्या माणसांना एकमेकांवर घासू देत नाहीत." पाहुणे हसले, वहिनीही हसल्या. तेव्हापासून पुतणी त्यांना मेयोकाकू म्हणायची, आणि बाहेरची माणसंसुद्धा 'त्या मेयोवहिनी' अशी खूण सांगायची.

वहिनींना ते गोड वाटलं होतं, कारण मऊ राहणं हा त्यांचा नेमच होता. त्या बापाच्या आरडाओरड्यात वाढल्या होत्या. घरात भांडं पडलं तरी आधी बापाच्या चेहऱ्याकडे बघायचं, अशा घरात. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच सकाळी, सगळे झोपेत असताना, देवाचं नाव घेऊन त्यांनी ठरवलं होतं की आपल्या तोंडून टोचणारा शब्द जाणार नाही. रोज उजाडायच्या आधी त्या तोच नेम पुन्हा उच्चारायच्या आणि मग कामाला लागायच्या. नेम मोडला नव्हता. घरच्यांनी तो कधी मोडायला लावला नव्हता, उलट वापरून घेतला होता. अंडीवाला बिथरला, "वहिनी, जरा मेयो लावून या." ऑफिसातल्या बाईंच्या सँडविचमध्ये केस निघाला, "वहिनी, तुम्हीच फोन घ्या." कामावरची बाई रजा मागून रडायला लागली, "वहिनी, हिला जरा." वहिनी जायच्या, हळू आवाजात बोलायच्या, समोरच्याचा हात हातात घ्यायच्या. माणूस शांत व्हायचा. अंड्यांचा भाव तोच राहायचा आणि रजा मिळायचीच असं नाही.

ठसका त्यांच्यानंतर मेयोवर आली. काटक, तिखट जिभेची बाई. हसली की मिरची नाकात गेल्यासारखी खोकायची, म्हणून ठसका. धाकट्यांना तोंडावर बोलणारी भटारखान्यात ती एकटीच. "शेट, पंखा लावा नाहीतर मेयोत माझा घाम पडेल, मग मीठ घालू नका," असं ती बोलायची. वहिनींचा खांदा दुखायला लागला तेव्हा धाकट्यांनी मोठा मिक्सर आणला होता, त्यावर ठसकाची नेमणूक झाली.

मिक्सर छातीएवढा उंच. खाली पोलादी भांडं, वर गरगर फिरणारी तारांची फेटणी, आणि भोवती उघडमीट होणारी जाळी. जाळी उघडली की मशीन आपोआप थांबायचं. हात आत जाऊ नये म्हणूनच ते तसं केलेलं. पण ते थांबणंच धाकट्यांना खुपायचं. अंड्याच्या बलकात तेल बारीक धारेनं सोडायचं असतं, फेटणं चालू ठेवायचं असतं, आणि भांड्याच्या कडेला चिकटलेलं मध्येमध्ये कालथ्यानं खरवडून आत लोटायचं असतं. दर खेपेला जाळी उघडायची, थांबायचं, खरवडायचं, पुन्हा सुरू करायचं. त्यात एखादा लॉट फाटायचा, तेल वर तरंगायला लागायचं. एके दिवशी ठसका रजेवर असताना धाकट्यांनी एका चमच्याचा दांडा वाकवला आणि जाळीच्या खाचेत, बटणावर दाबून बसवला. आता जाळी उघडी असली तरी फेटणी फिरत राहिली.

"मशीनला वाटतंय जाळी बंदच आहे," टाळी वाजवत ते म्हणाले. "मशीनलाही मेयो लावला!"

सगळे हसले. वहिनीसुद्धा.

सोमवारी सकाळी ठसकाचा कालथा फेटणीत अडकला. तो सोडायच्या आधी फेटणीनं हात ओढून घेतला. वहिनी पलीकडे अंडी फोडत होत्या. आधी त्यांना आवाज आला, लाकूड मोडल्यासारखा, आणि मग ठसकाचा आवाज, जो ठसक्यासारखा अजिबात नव्हता. वहिनींनी भिंतीतला प्लग उपसला. भांड्यातला मेयो गुलाबी झाला होता. ठसका खाली बसली होती आणि आपल्या हाताकडे बघत नव्हती, वहिनींकडे बघत होती.

तिला गाडीत घालून दवाखान्यात पाठवलं. गाडीचा दरवाजा लागला न लागला, तोच धाकटे आत वळले आणि म्हणाले, "भांडं धुऊन घ्या चांगलं. बाराच्या आत डबे जायलाच हवेत."

भांडं धुतलं गेलं. भाजी चिरणारीला मिक्सरवर उभं केलं. तिच्या हातून तेल धारेऐवजी थेंब थेंब पडत होतं. आणि जाळीच्या खाचेत तो दांडा जिथल्या तिथे होता. कुणी काढला नव्हता. वहिनींनी तो पाहिला. आणि त्या अंडी फोडत राहिल्या. डबे बाराच्या आत गेले.

दांडा गेला तो संध्याकाळी, दवाखान्यातून कळल्यावर, की अपघात मशीनवरचा असल्यामुळे सरकारी तपासनीस बाई येऊन मशीन बघणार.

*

दुकानामागच्या खोलीत चौघं बसले. टेबलावर चहा होता आणि तो कुणी पीत नव्हतं.

"सरळ आहे," धाकटे म्हणाले. "दांडा तिनं स्वतः घातला. आम्हाला माहीत नव्हतं. काम लवकर आटपावं म्हणून घातला, बायका करतात असं. ती एवढं बोलली की विषय संपला."

"ती असं कशाला बोलेल?" थोरले म्हणाले. दिवसभरातलं त्यांचं ते पहिलं वाक्य.

"बोलेल. बोलायला लावायचं." धाकटे वहिनींकडे वळले. "वहिनी, उद्या तिच्या घरी जरा मेयो लावून या."

वहिनी कपाकडे बघत होत्या.

"तिला सांगा, नोकरी कुठे जात नाही. बसून करायचं काम देऊ. कागदी रुमाल घड्या घालायचे, काटे-चमचे पाकिटात भरायचे. एका हातानंही होतं. पण उलटसुलट बोलली तर मग आमचाही नाइलाज. भटारखानाच बंद झाला तर सगळ्यांच्याच पोटावर येईल, तिच्याही."

"मी फळांची टोपली बांधून ठेवते ताई," जाऊबाई म्हणाल्या. "लाल कागद आहे माझ्याकडे, तो छान दिसतो."

"भाऊजी," वहिनी हळूच म्हणाल्या, "दांडा तुम्ही घातला होतात."

धाकटे हसले, अगदी मायेनं.

"घातला होता, वहिनी. कुणासाठी? आपल्यासाठीच ना? तुम्हीच तिला शिकवलंत, मध्ये थांबवू नकोस, फाटेल. मी फक्त थांबायची गरज ठेवली नाही. आता कोण कुणाचं काढत बसणार? तुमच्यासारखं बोलणं आम्हा कुणाला जमत नाही, म्हणून तर तुम्हाला सांगतोय."

वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं. थोरल्यांनी चहाचा कप बशीवर नीट ठेवला, नीट नव्हता म्हणून पुन्हा ठेवला.

"जाऊन ये," ते म्हणाले.

*

ठसकाची खोली कपडे धुण्याच्या दुकानाच्या मागे होती. भिंतीतून वाफेच्या नळाचा सुस्कारा यायचा आणि इस्त्रीचा धपका सारखा ऐकू यायचा. दार ठसकाच्या आईनं उघडलं. टोपलीकडे पाहिलं, वहिनींकडे पाहिलं, आणि खुर्चीवरचे कपडे उचलून जागा केली.

ठसका पलंगावर बसली होती. उजवा हात कोपरापर्यंत पांढऱ्या प्लास्टरमध्ये, टोकाला तीन बोटांचे निळे शेंडे. ती डाव्या हातानं केस बांधायचा प्रयत्न करत होती. रबर दातात धरलं होतं, केस मुठीत धरले होते, पण रबर घालायला तिसरा हात हवा होता. केस पुन्हा सुटले. तिनं तिसऱ्यांदा मुठीत घेतले.

"मी बांधते," वहिनी म्हणाल्या आणि मागे जाऊन उभ्या राहिल्या.

केस बांधताना त्यांना आपलाच आवाज ऐकू यायला लागला. कुणी सांगितलं नव्हतं, तोंड आपोआप सुरू झालं होतं. "दुखतंय का गं फार? दुखणारच. पण तू धीराची आहेस. तुझ्यासारखी बाई खचायची नाही. सगळं ठीक होईल बघ हळूहळू. घरची माणसं आहोत आम्ही..." मऊ आवाज, बारीक धारेनं सोडलेला. वहिनींना आतून शिसारी आली, तरी आवाज थांबत नव्हता.

"डॉक्टर म्हणाले दोन बोटं वळणार नाहीत," ठसका म्हणाली. "अंगठा वळेल. अंगठा वळला तरी पुष्कळ झालं म्हणे. त्यांचं काय जातंय म्हणायला."

"उद्या तपासनीस बाई येणार आहेत," वहिनी म्हणाल्या. "तुझ्याकडेही येतील."

"हो, फोन आला होता."

आता धार सोडायची होती. वहिनींनी तोंड उघडलं. पण त्यांना काही बोलावंच लागलं नाही.

"वहिनी, तुम्ही काळजी करू नका," ठसका म्हणाली. "मी सांगते ना, दांडा मीच घातला म्हणून. टोपली बघूनच कळलं मला, तुम्ही आलात म्हणजे तेच असणार. शेट आले असते तर मी त्यांच्या तोंडावर थुंकले असते. पण तुम्ही आलात." ती थोडं हसली, खोकल्याविना. "तुम्ही सांगाल ते काही वाईट नसणार. आणि खरं सांगू? रात्रभर विचार केला, आता मलाही वाटायला लागलंय, कदाचित मीच घातला असेल कधीतरी. घाईत. माणसाला आठवतं का सगळं?"

वहिनींच्या हातात अजून तिचे केस होते.

त्यांना काहीच लावावं लागलं नव्हतं. त्या नुसत्या दारात उभ्या राहिल्या आणि ही तिखट बाई, जिनं पंख्यासाठी धाकट्यांशी चार दिवस भांडण केलं होतं, ती आपल्या मोडलेल्या हाताचा दोष स्वतःवर घ्यायला तयार झाली होती. का? तर वहिनी आल्या म्हणून. वहिनी वाईट सांगायच्या नाहीत म्हणून. इतकी वर्षं जो मऊपणा देवापुढे रोज ठेवला, तो या कामाला आला होता. वहिनींच्या छातीत काहीतरी इतक्या जोरात उसळलं, की त्यांना वाटलं आता आपण ओरडणार, बापासारख्या.

"नाही," त्या म्हणाल्या.

"काय नाही?"

"तू घातला नाहीस. भाऊजींनी घातला. माझ्यासमोर. टाळी वाजवून घातला आणि मी हसले. सोमवारी तुझी गाडी गेली, त्यानंतरही तो तिथेच होता. भाजी चिरणारीला त्याच मशीनवर उभं केलं. मी बघितलं आणि अंडी फोडत राहिले."

इस्त्रीचा धपका आला, पुन्हा आला. ठसकानं मान वळवली. केस वहिनींच्या हातातून निसटले.

"मग तुम्ही आलात कशाला?"

"तुला हेच वदवायला. तूच घातलास म्हणून."

"म्हणजे माहीत असून?"

"माहीत असून."

ठसका उभी राहिली. तोल गेला, आईनं धरलं, तिनं आईचा हात झटकला. "मला वाटलं निदान तुम्हाला माहीत नसेल! अहो, मी रात्रभर स्वतःला शिव्या घालतेय! माझं डोकं मला सांगायला लागलं होतं मीच घातला म्हणून! आणि तुम्ही माझे केस बांधताय? केस?" तिचा आवाज फाटला. "शेट हरामखोर आहे हे मला माहीतच होतं. त्याच्यापासून सांभाळून राहता येतं हो. तुमच्यापासून कसं सांभाळायचं माणसानं?"

वहिनींनी मान खाली घातली नाही. खाली घालायची त्यांना सवय होती, पण आज त्यांना वाटलं, खाली घातली तर तीही एक युक्तीच होईल. ही शांत होईल, हिला वाईट वाटेल, ही उलट मलाच समजवायला लागेल. म्हणून त्या तशाच उभ्या राहिल्या, आणि ठसका जे जे बोलली ते ते सगळं त्यांनी ऐकून घेतलं. ती पुष्कळ बोलली. रजेचं बोलली, पंख्याचं बोलली, आईच्या आजारपणात वहिनींनी हात हातात घेऊन तिला कसं कामावर परत आणलं होतं, तेही बोलली.

"जे आहे ते सांग त्यांना," ती थांबल्यावर वहिनी म्हणाल्या. "माझंसुद्धा सांग."

"मला काय सांगायचं ते तुमच्याकडून शिकायचं नाही आता," ठसका म्हणाली.

आईनं टोपली उचलून वहिनींच्या हातात दिली. "बाई, हे घेऊन जा," ती म्हणाली. "लाल कागद चुरगळला नाही, दुसरीकडे चालेल."

रस्त्यात वहिनींना टोपलीचं काय करावं कळेना. वळणावर एक बाक होता. त्यांनी ती बाकावर ठेवली, आणि ठेवताना लाल कागदाला इतक्या जोरात हिसका दिला की सफरचंदं घरंगळून रस्त्यावर गेली. दोन माणसं थांबून बघायला लागली. एक म्हणाला, "बाई, काही मदत हवी का?" वहिनी म्हणाल्या, "नको!" आणि त्या 'नको'चा आवाज ऐकून त्या स्वतःच दचकल्या.

घरी धाकट्यांनी विचारलं, "काय झालं?"

"बोलून आले," वहिनी म्हणाल्या.

"शाबास," ते म्हणाले. "मला माहीतच होतं."

*

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी वहिनी नेहमीच्या जागी बसल्या. डोळे मिटले. नेम उच्चारायचा होता, तो जिभेवर येईना. जबरदस्तीनं आणला तर त्याची चव आंबट लागली. तेवढ्यात मागे थोरले जागे झाले, कूस बदलली, आणि काही न विचारता पुन्हा डोळे मिटले. वहिनींना तो मिटण्याचा आवाजसुद्धा ऐकू आल्यासारखं वाटलं.

"देवा," त्या शेवटी म्हणाल्या, "आज मला मऊ ठेवू नकोस." आणि उठल्या.

तपासनीस बाई दहाच्या सुमाराला आल्या. चष्मा, साधे बूट, खांद्याला पिशवी. चहा नको म्हणाल्या. खुर्ची नको म्हणाल्या. धाकट्यांनी मिक्सर पुसून लखलखीत ठेवला होता, जवळ जाऊन जाळी उघडझाप करून दाखवत होते. "बघा मॅडम, उघडली की बंद. एकदम सुरक्षित. आता कुणी स्वतःहूनच त्यात काही घातलं तर मालकानं काय करायचं? आम्ही तर तिला घरच्यासारखं वागवत होतो. हो की नाही, वहिनी?"

भाजी चिरणारी कोबीवर वाकली होती. जाऊबाई गल्ला सोडून दारात येऊन उभ्या होत्या. थोरले बटाट्याच्या पोत्याजवळ.

"मी आधी त्यांच्या घरी जाऊन आले," तपासनीस बाई म्हणाल्या. "त्या म्हणाल्या, दांडा मालकांनी घातला. अपघातानंतरही तो तसाच ठेवून दुसऱ्या बाईला मशीनवर उभं केलं." त्यांनी चष्मा सारखा केला. "आणि त्यांनी असंही सांगितलं की थोरल्या वहिनींनी हे सगळं पाहिलं आणि गप्प राहिल्या. कोण थोरल्या वहिनी?"

धाकट्यांनी गर्रकन मान वळवली. "वहिनी! काल काय लावून आलात तुम्ही?"

"काही लावलं नाही, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "होतं ते खरवडून काढलं." मग तपासनीस बाईंकडे वळल्या. "मी थोरली वहिनी. ती म्हणाली ते खरं आहे. माझ्याबद्दल म्हणाली तेही."

"वहिनींचं डोकं ठिकाणावर नाही," धाकटे घाईघाईनं म्हणाले. "रक्त बघितल्यापासून त्या अशा..."

"माझं डोकं आज पहिल्यांदा ठिकाणावर आहे! तुम्ही मध्ये बोलू नका!"

कोबीवरची सुरी थांबली. वहिनींचा आवाज भिंतीवर आपटून परत आला होता. भटारखान्यात तो आवाज याआधी कुणी ऐकला नव्हता. धाकट्यांचं तोंड उघडं राहिलं, आणि ते उघडं तोंड बघून वहिनींना दया आली नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच नाही आली.

"दांडा कसा बसवला होता, सांगता येईल?" तपासनीस बाईंनी विचारलं.

"दाखवते."

"भांडं रिकामं ठेवा. हात लांब ठेवा."

वहिनींनी खणातला एक चमचा घेतला, टेबलाच्या कडेला दाबून वाकवला, आणि जाळीच्या खाचेत घालून बटण दाबलं. जाळी उघडी होती. फेटणी फिरायला लागली, रिकाम्या भांड्यात तिचा खणखणाट झाला. वहिनी दोन पावलं मागे सरल्या, पण त्यांच्या पदराचं टोक वाऱ्यानं हललं.

"अहो वहिनी, मागे व्हा!" धाकटे ओरडले. "जाळी उघडी आहे, हात जाईल!"

त्यांनी स्वतःच जाऊन प्लग काढला. फेटणी फिरत फिरत मंद झाली आणि थांबली.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं," तपासनीस बाई म्हणाल्या.

त्यांनी मिक्सरला कुलूप घातलं, पट्टी चिकटवली, आणि पुन्हा बघून जाईपर्यंत भटारखाना बंद, असं सांगितलं. भाजी चिरणारीला बाजूला घेऊन तिच्याशी बोलल्या. ती आधी धाकट्यांकडे बघत होती, मग वहिनींकडे बघायला लागली, आणि मग तिच्या तोंडून शब्द यायला लागले ते थांबेनात. जाताना तपासनीस बाई वहिनींना म्हणाल्या, "तुम्हाला पुन्हा बोलावलं जाईल. तुमच्यावरही येईल थोडंफार."

"येऊ दे," वहिनी म्हणाल्या.

त्या गेल्यावर जाऊबाई रडायला लागल्या. "ताई, घरातलं घरात ठेवता नाही आलं का हो तुम्हाला?"

"ठेवलं होतं," वहिनी म्हणाल्या. "इतकी वर्षं तेच केलं. बाहेरच्या बाईचा हात गेला त्यात."

धाकटे येरझाऱ्या घालत होते. "घरचाच धंदा बुडवलात. दादा, तू काही बोलणार आहेस की नाही?"

थोरल्यांनी पोत्यावरून हात काढला. बायकोकडे बघितलं, भावाकडे बघितलं. ओठ हलले. वहिनी वाट बघत राहिल्या, खरंच वाट बघत राहिल्या.

"आता काय बोलायचं," थोरले म्हणाले.

"तुम्ही राहूच द्या," वहिनी म्हणाल्या, आणि हे वाक्य टोचलं हे त्यांना दिसलं, आणि त्यांनी ते परत घेतलं नाही.

तेवढ्यात फोन वाजायला लागला. अकरा वाजून गेले होते. ऑफिसांचे डबे निघायची वेळ झाली होती, आणि एकही डबा भरलेला नव्हता. पहिला फोन थांबला, लगेच दुसरा आला. धाकटे, जाऊबाई, थोरले, भाजी चिरणारीसुद्धा, सगळ्यांनी माना वळवून वहिनींकडे पाहिलं. ठरवून नव्हे. सवयीनं.

"वहिनी," धाकटे म्हणाले, आणि त्यांचा आवाज आता वेगळा होता, विनवणीचा. "जे झालं ते झालं. निदान गिऱ्हाइकांना तरी... तुमच्याइतकं कुणाला..."

"काय सांगू त्यांना?"

"सांगा काहीतरी. मशीन बिघडलंय. पाणी आलं नाही. तुम्हाला जमतं."

फोन वाजत होता.

"मशीन बिघडलेलं नाही," वहिनी म्हणाल्या. "इथल्या बाईचा हात मोडला म्हणून डबे येणार नाहीत, असं सांगायचं. तुमच्या तोंडानं सांगायचं. मी इथे उभी राहून ऐकते."

धाकट्यांनी फोनकडे पाहिलं. वहिनी हलल्या नाहीत. शेवटी त्यांनीच रिसीव्हर उचलला, घसा खाकरला, आणि सुरुवात केली, "नमस्कार, नमस्कार, काय आहे ना, आज जरा पाण्याची..."

वहिनींनी पुढे होऊन टेबलावर हात आपटला.

धाकटे थांबले. पलीकडून कुणीतरी "हॅलो? हॅलो?" म्हणत होतं. खोलीत सगळ्यांना ते ऐकू येत होतं.

"आमच्या एका बाईचा..." धाकटे म्हणाले. पुन्हा घसा खाकरून ते म्हणाले, "आमच्या एका बाईचा हात मिक्सरमध्ये गेला. म्हणून आज..."

"चूक कुणाची, तेही," वहिनी म्हणाल्या.